चिपळूण-गुहागर पट्ट्यात जाखडी शिकायची तर कुठे? वाडीच्या तालमीपासून डान्स क्लासपर्यंत

घाई असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. जाखडी म्हणजे कोकणातला गोलात नाचायचा लोकनाच. चिपळूणसारख्या तालुक्याच्या गावात राहून ती नीट शिकायची असेल, तर शहराबाहेरच्या एखाद्या वाडीतल्या रात्रीच्या तालमीला तोड नाही. गणपतीचा तो हंगाम हुकला तर नमनाचं, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याचं, मंडळ गाठा. शहरातला डान्स क्लास तिसऱ्या नंबरवर, आणि तोही मुख्यतः लहान मुलांसाठी. कॉलेजचा संघ चांगला, पण तिथे प्रवेश विद्यार्थ्यांनाच. कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न एकच विचारायचा: ढोलकीला कोण बसतं? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं तर पुढे बोला. स्पीकरचं नाव आलं तर तिथे एक गाणं बसवून मिळेल, जाखडी नाही.

ज्यांनी ती फक्त गणपतीत दारात येताना पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडी उजळणी. मध्ये ढोलकीवाला, गाणारे दोघं, झांजवाला, जमलं तर सनई किंवा बासरी. ही मंडळी बसलेली. भोवती साधारण आठ जण उजव्या पायात घुंगरांचा चाळ बांधून गोलात नाचतात. बाल्या नाच तो हाच. रत्नागिरी आणि रायगडातल्या, मुख्यतः कुणबी समाजाच्या वाड्यांनी तो जपला. हाच नाच स्टेजवर चढून दोन पक्षांत सवाल-जवाब रंगले की त्याला शक्ती-तुरा म्हणतात: शक्तीवाले म्हणजे कलगी पक्ष शक्तीची थोरवी गाणार, तुरेवाले शिवाची. शिकणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. स्टेजच्या सामन्यात शाहीर आणि त्याचं कवन पुढे असतं, नाचणारे मागे पडतात. पाय शिकायचे असतील तर घरोघर फिरणारी जाखडी बघा, आणि ती करणाऱ्यांकडेच जा.

वाडीची तालीम

ही जागा गुगलच्या नकाशावर सापडत नाही. सापडते ती बॅनरवर. गणपतीच्या आधी आणि नंतर चिपळूणच्या एसटी स्टँडच्या आसपास, गुहागर रस्त्याला मार्गताम्हाणे, शृंगारतळी, हायवेला सावर्डे, कराड रस्त्याला शिरगाव-पोफळी, अशा नाक्यानाक्यांवर ‘शक्ती-तुरा जंगी सामना’ असे फलक लागतात. त्यावर शाहिराचं नाव, मंडळाचं नाव, गाव आणि वाडी, आणि खाली बारीक अक्षरात संपर्काचे नंबर असतात. फोन शाहिराला करू नका. हंगामात त्याचा फोन दिवसभर सुपाऱ्यांनी वाजत असतो. ‘व्यवस्थापक’ किंवा ‘संपर्क’ म्हणून ज्याचं नाव छापलेलं असतं त्याला करा, आणि ‘तालीम बघायला येऊ का’ एवढंच विचारा. ‘शिकवाल का’ विचारलंत की समोरचा अवघडतो, कारण तिथे कुणी शिकवत नसतं. बघून, मागे उभं राहून येतं.

भातलावणी उरकली की, म्हणजे साधारण श्रावणाच्या तोंडाला, तालमी सुरू होतात. वेळ जेवणं आटोपल्यावरची, नऊ-साडेनऊनंतर, आणि उठायची वेळ ठरलेली नसते. जागा म्हणजे कुणाचं तरी खळं, पडवी, सहाण म्हणजे पालखी बसते तो चौथरा, किंवा वाडीचं समाजमंदिर. इथेच पहिली अडचण येते. गावाकडे जाणारी शेवटची एसटी संध्याकाळीच सुटते आणि परतीची मिळते ती सकाळी. स्वतःची दुचाकी, पावसाळी रात्री घाटवळणावर ती चालवायची तयारी, किंवा वाडीत झोपायची सोय, यांपैकी एक हवंच. चिपळूण ते गुहागर सुमारे ४५ किलोमीटर आहे. पहिलं वर्ष असेल तर शहरापासून १०-१२ किलोमीटरच्या आतली वाडी शोधा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात उत्साह मावळतो.

फी नसते. असते ती वर्गणी, कपडेपट आणि साउंडच्या खर्चाची, आणि तीही तुम्ही मंडळात उतरलात तर. पहिल्या दिवशी नारळ-अगरबत्ती घेऊन गेलात तर ते शोभतं. पैशांचं पाकीट पुढे केलंत तर शोभत नाही. बाहेरच्या माणसाला घेतात का? बघायला सगळेच घेतात, मागच्या गोलात बहुतेक घेतात. गणपतीत दारोदार फिरताना संघात घेतीलच असं नाही, कारण तिथे वाडीच्या मानाचा आणि घराघरांतल्या पाळ्यांचा प्रश्न असतो. याचं वाईट वाटून घेऊ नये. बाईमाणसाने शिकायचं असेल तर महिलांची जाखडी मंडळं आता बऱ्याच गावांत उभी राहिली आहेत; त्यांच्या तालमी थोड्या लवकर, संध्याकाळी होतात आणि नवख्यांना सामावून घेण्यात त्या जास्त मोकळ्या असतात.

पहिल्या काही रात्री तुम्हाला नाचायला उभं करणार नाहीत. झील धरायला बसवतील: शाहीर ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात. हा वेळ वाया जातोय असं वाटून निघून जाणारे पुष्कळ. पण गाण्याची ओळ कुठे सुटते आणि ढोलकी कुठे उठते हे कानात बसल्याशिवाय पाय चुकणारच, आणि नाचतानाही ओळ उचलावीच लागते. दम तिथेच तुटतो. घरी सराव करताना गाणं मनात नको, तोंडाने म्हणा.

मग पाय. सुरुवात चाळाशिवाय. गुडघे सैल, कंबरेतून किंचित पुढे वाक, टाच उचललेली नाही. चारची मोजणी धरा आणि एकवर उजवं पाऊल अख्खं, सपाट, खाली टाका. जोर नडगीतून नाही, मांडीतून. हे सहज व्हायला लागलं की चाळ बांधायचा. इथे चाळ स्वतःच परीक्षक होतो: पाऊल पडेल तेव्हाच तो वाजला पाहिजे. मधल्या मात्रांना खुळखुळ ऐकू येत असेल तर पाय हवेत लोंबतोय किंवा चाळ सैल बांधलाय. सैल चाळ घोट्याचं कातडंही सोलतो. खाली सुती कापडाची पट्टी गुंडाळून वर घट्ट बांधावा. त्यानंतर टाळ्या, मग आत दोन पावलं आणि बाहेर दोन, मग शेजाऱ्याकडे तोंड करून वळणं, आणि शेवटी वाकून उठणं. गोल कोणत्या बाजूने सरकतो, टाळी कुठल्या मात्रेवर पडते, हे त्या मंडळात विचारूनच घ्या. एका वाडीची सवय दुसऱ्या वाडीत घेऊन गेलात तर धडकाल.

सगळ्यात जास्त बिघडतो तो गोल. नवखा नाचताना मध्ये बसलेल्या गायकांकडे बघतो, पाऊल नकळत आत पडतं, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत कोपराला कोपर लागायला लागतं. उपाय जुनाच आहे: जमिनीवर चुन्याने किंवा रांगोळीने रेघ मारायची. आठ जणांत दोघांमध्ये साडेचार फूट अंतर धरलं तर परीघ ३६ फूट होतो, म्हणजे व्यास साधारण साडेअकरा फूट. शिवाय बाहेर वळायला दोन्ही बाजूंना दोन-अडीच फूट हवेत. म्हणजे किमान १६ बाय १६ची मोकळी जागा, खांबाविना. हे गणित लक्षात ठेवा, डान्स क्लास बघायला जाल तेव्हा उपयोगी पडेल.

दुसरी चूक लयीची. जाखडी संथ सुरू होते आणि शेवटाकडे चढते. नवखे पहिल्या कडव्यातच जोर लावतात, कारण संथ लयीत पाय धरून ठेवणं खरं तर जास्त अवघड असतं. मग लय चढते तेव्हा पाऊल सपाट पडायचं सोडून चवड्यावर येतं, चाळाचा आवाज पातळ होतो, आणि ढोलकीवाला एक नजर टाकतो. ती नजर समजली की शिक्षण सुरू झालं म्हणायचं. ध्वनिमुद्रित गाण्यावर हे घडूच शकत नाही. स्पीकर तुमच्यासाठी थांबत नाही, तुम्ही घसरलात हे त्याला कळत नाही, आणि रंग चढला म्हणून तो एक कडवं वाढवतही नाही.

ढोलकीबद्दल आणखी थोडं, कारण तालमीला उशीर का होतो ते यातून कळेल. कोकणातल्या ऑगस्टमध्ये हवेतल्या ओलीने चामडं ढिलं पडतं, सूर खाली येतो. मग चुलीजवळ किंवा बल्बजवळ ढोलकी शेकणं, दोरीच्या कड्या सरकवणं, नटबोल्टची असेल तर पाना फिरवणं, यात अर्धा तास सहज जातो. नवखे तेवढ्यात मोबाइल काढून बसतात. तिथे बसून ऐकावं. उतरलेली ढोलकी आणि चढलेली ढोलकी यांतला फरक ज्याला ऐकू येतो त्याचं पाऊल आपोआप जागेवर पडतं. मोबाइलवरून आठवलं: रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय करू नका. सामन्याचे सवाल आधी फुटले तर मंडळाची वर्षभराची मेहनत वाया जाते, आणि मग पुढच्या वेळी तुम्हाला तालमीची वेळ कुणी सांगणार नाही.

जमिनीचं म्हणाल तर सारवलेलं खळं उत्तम. समाजमंदिराच्या फरशीवर अनवाणी दोन तास पाय आपटले की नडग्या भरून येतात, आणि पावसात ओलसर फरशीवर घसरायला होतं ते वेगळंच. फरशीच असेल तर आलटूनपालटून नाचा, सलग नको. नडगीत सुई टोचल्यासारखं दुखायला लागलं तर तीन-चार दिवस चाळ बाजूला ठेवून झील धरायला बसा. वाडीत त्याला कुणी हसत नाही.

नमन-खेळे

तुळशीचं लग्न झाल्यापासून शिमग्यापर्यंत आणि पुढे मे महिन्यातल्या पूजांपर्यंत नमनाचा हंगाम. जाखडी शिकायला हा आडमार्ग वाटेल, पण मृदंग आणि टाळांच्या ठेक्यावर पाय बसवायला नमनासारखी जागा नाही. शिमग्यात पालखीबरोबर फिरणारे खेळे, त्यातला काळ्या झग्याचा, उंच टोपीचा संकासुर, पुरुषानेच साकारलेली गोमू, यांच्या चालीत नाच आणि सोंग वेगळं काढता येत नाही. नवख्याला इथे बहुधा गौळणीत किंवा मागच्या रांगेत उभं करतात. स्टेजवर होणाऱ्या नमनात आता प्रकाशयोजना, ट्रिकसीन, कीबोर्ड सगळं आलंय. करमणूक म्हणून छान, शिकायला मात्र खेळ्यांचा साधा संच बरा. पालखी नाचवणं हा वेगळाच विषय. त्याची तालीम नसते, खांदा द्यायला कधी आणि कुणी लागायचं हे गावाचे मानकरी ठरवतात. उगाच पुढे घुसू नये. वजन अंगावर घेऊन तोल सांभाळणं हौसेचं काम नाही.

शहरातले डान्स क्लास

चिपळूणात आणि आसपासच्या बाजारगावांत क्लास आहेत, बोर्डावर बॉलिवूड, हिपहॉप, झुंबा आणि कोपऱ्यात ‘फोक’. या ‘फोक’चा अर्थ बहुतेक ठिकाणी एक कोळीगीत, एक लावणी, एक गोंधळ, आणि गॅदरिंगच्या आधी गरबा. नावं ठेवण्यासारखं यात काही नाही. सहा ते दहा वर्षांच्या मुलाला ताल, उजवं-डावं, रांगेत राहणं आणि लोकांसमोर न बुजणं शिकवायचं तर क्लासच बरा. वेळ ठरलेली, उजेड असतो, आठ वाजता घरी. रात्री अकराला वाडीत लहान पोराला नेण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

पण प्रौढाने जाखडीसाठी इथे पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी बघाव्यात. खोली किती मोठी? १२ बाय १०च्या खोलीत गोल होत नाही, मग शिक्षक गोल सोडून दोन रांगा करतात आणि सगळे आरशाकडे तोंड करतात. जाखडीला समोरची बाजू नसते. आरशासमोर शिकलेला माणूस गोलात उभा राहिला की पहिल्याच वळणाला हरवतो. दुसरं, शिक्षक गाणं बंद करून नुसत्या मोजणीवर किंवा टाळीवर पाय घेतात का? घेत असतील तर माणूस कामाचा आहे. तिसरं, चाळ एका पायात की दोन्ही? दोन्ही पायांत कथकसारखे घुंगरू बांधून ‘जाखडी’ बसवलेली दिसली तर पुढे विचारायची गरज नाही. चौथं, फीमध्ये काय धरलंय. महिन्याची फी कमी वाटते, पण वार्षिक कार्यक्रमाचं भाडोत्री कपड्यांचं भाडं, मेकअप, हॉलचा वाटा आणि व्हिडिओ हे सगळं वेगळं लागतं. हे पहिल्या दिवशी लिहून घ्या.

‘फोक डान्सचं सर्टिफिकेट’ देतो म्हणणाऱ्यांना ते कोण देतं हे विचारा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात त्या कथक, भरतनाट्यम यांच्या. जाखडीची तसली परीक्षा नाही. कागदाचीच गरज असेल, पुढे लोककलेचा अभ्यास करायचा असेल, तर मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीची चौकशी करावी. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय लोककलांची प्रशिक्षण शिबिरं घेतं, पण ती कुठे आणि कुठल्या कलेची लागतील हे बघत राहावं लागतं. गावात बसून भरवशाचा पर्याय तो नव्हे.

कॉलेजचा संघ

विद्यार्थी असाल तर हे सोडू नका. रत्नागिरी जिल्ह्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात उतरतात. आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या नियमांत लोकनृत्याला जास्तीत जास्त १० नर्तक, ५ साथीदार आणि १० मिनिटं मिळतात. साथीदार असल्यामुळे जिवंत वाद्यांवर काम होतं, हा मोठा फायदा. तोटा असा की १० मिनिटांत परीक्षकांचे डोळे दिपवायचे असतात, त्यामुळे लय सुरुवातीपासूनच चढी, मनोरे, उड्या, दर अर्ध्या मिनिटाला नवी रचना. अंगाला चांगला व्यायाम होतो, ऐकणं सुधारतं. पण तिथे शिकलेली जाखडी वाडीत जशीच्या तशी नाचलात तर म्हातारी माणसं गालात हसतील. कॉलेज संपल्यावर १५ ते २९ वयोगटासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणारा युवा महोत्सव आहे. त्यासाठी गट मात्र तुमचा तुम्हालाच जमवावा लागतो.

बाकीचं थोडक्यात. मंगळागौरीचे महिला गट शहरात सहज सापडतात आणि जाखडीशी त्यांचा संबंध नसला तरी गोलात फिरण्याची आणि गाता गाता नाचण्याची सवय त्यांच्याकडे छान लागते. फुगडीत हात ताठ, चवडे जवळ आणि भार मागे. कोपरं वाकली की तोल गेलाच. ढोल-ताशा पथकात हात तयार होतात, पाय नाही. यूट्यूबवर मुंबईतल्या आणि गावाकडच्या सामन्यांची रेकॉर्डिंगं भरपूर आहेत, पण कॅमेरा शाहिराच्या चेहऱ्यावर खिळलेला असतो. चाली ऐकायला वापरा, पाय बघायला नको. मुंबई, विरार, दिव्याकडे राहणाऱ्या चाकरमान्यांना गणपतीच्या आठवड्यात गावी येऊन शिकणं जमणार नाही, तेव्हा मंडळ पूर्ण घाईत असतं. तुमच्या गावच्या मंडळाची मुंबई शाखा असेल तर तिच्या तालमी तिकडेच चालतात. तिथे जा आणि गावी थेट गोलात उभे राहा.

खरेदी एकच, चाळाची. घुंगरं पितळी घ्या. मुलामा दिलेली लोखंडी स्वस्त पडतात पण कोकणच्या पावसात एका हंगामात गंजतात आणि आवाज बसतो. एकेक घुंगरू गाठ मारून ओवलेलं असावं, नाहीतर एक दोरा तुटला की अर्धा चाळ खळ्यात सांडतो. तालमीनंतर ओला चाळ पिशवीत कोंबू नका, खुंटीला टांगा. दुकानात घुंगरू जोडीने मिळतात आणि तुम्हाला लागणार एकाच पायाला, तेव्हा बरोबर शिकणारा एखादा जोडीदार आधी पकडा आणि खर्च निम्मा करा.